तपकिरी रक्त: खारपाणपट्ट्यातल्या तीन टाक्यांचं प्रकरण

दिवाळीच्या आधीचा आठवडा. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या काठचं एक गाव, गावाबाहेर शेतातच पत्र्याची शेड, शेडखाली ताडपत्रीच्या तीन गोल टाक्या. सात दिवसांत दोन टाक्यांतली सातशेच्या आसपास चिलापी, म्हणजे तिलापिया मासळी, मेली. मालकाला वाटलं, माशांच्या रक्तपेशींत विषाणू शिरला. मला तसं वाटलं नाही, पण मग काय झालंय हेही दीड दिवस कळलं नाही. उत्तर डोळ्यांसमोर होतं, आणि त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने ते मी पोचल्यावर पहिल्याच तासात बोलूनही दाखवलं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे त्यांच्या वहीतले आणि माझ्या वहीतले.

पार्श्वभूमी

खारपाणपट्टा म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा काळ्या मातीचा पट्टा. इथलं भूजल खारट आहे. बोअरचं पाणी पिता येत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, होते. म्हणून शेतकऱ्यांनी शेततळी खोदली. पावसाचं गोड पाणी साठवायचं आणि रब्बीत हरबऱ्याला एक-दोन ओलिताला वापरायचं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, इथं पूर्वी समुद्र होता. भूगर्भशास्त्रात ते किती बसतं हा वेगळा विषय, पण या वाक्याने पुढे मोठा घोळ घातला, म्हणून लक्षात असू द्या.

घरात दोन भाऊ. थोरल्याकडे कापूस, तूर, हरबरा. धाकटा कृषी पदविका करून दोन वर्षं पुण्याकडे नोकरीला होता, तो परत आला आणि बायोफ्लॉकच्या तीन टाक्या टाकल्या. प्रत्येक टाकी चार मीटर व्यासाची, पाणी एक मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण पंधरा हजार लिटर. बायोफ्लॉकचं तंत्र असं: टाकीतलं पाणी सारखं बदलायचं नाही, हवा चोवीस तास सोडायची आणि पाण्यातच जिवाणूंची दाट वस्ती वाढवायची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया हे जिवाणू फस्त करतात. गूळ किंवा मळी टाकून त्यांना खायला घालावं लागतं.

पहिली खेप उन्हाळ्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर निघाली आणि चांगली निघाली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की टाकी भरली की हजार लिटरला किलोभर खडेमीठ टाका. याच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलेलं आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, बोअरचं पाणीच अठराशेच्या वर दाखवत होतं, म्हणून त्याने मीठ टाकलं नाही. तेव्हा ते बरोबरच होतं.

ऑगस्टअखेर माल काढला. टाक्या रिकाम्या करून, घासून, ब्लीचिंगने धुऊन वाळवल्या. त्या वर्षी पाऊस भरपूर होता, शेततळं काठोकाठ. धाकट्याने विचार केला की खाऱ्या पाण्यात मासा एवढा वाढतो तर गोड्यात किती वाढेल. थोरल्याने कुरकुर करत पाणी दिलं. पहिली आणि दुसरी टाकी पूर्ण शेततळ्याच्या पाण्याने भरली. तिसरी निम्मी भरली तोवर थोरल्याने मोटर बंद केली, हरबऱ्याला पाणी राहिलं पाहिजे म्हणून. उरलेली निम्मी बोअरने भरली. मीठ टाकायचं का, असं धाकट्याने विचारलं तेव्हा थोरला म्हणाला, "खारं पानी सोडून एवढं गोड पानी आनलं, अन् आता त्यात मीठ टाकतो काय बे?"

धाकट्यालाही ते पटलं. मी तिथे असतो तर मलाही कदाचित पटलं असतं. वाक्य ठसकेबाज होतं.

सप्टेंबरच्या मध्यात प्रत्येक टाकीत बाराशे बोटुकली सोडली. जुन्या टाकीतलं फ्लॉकचं, म्हणजे जिवाणूंच्या त्या दाट वस्तीचं, पाणी विरजणासारखं नव्या टाकीत घालतात, ते घालायला शिल्लकच नव्हतं. सगळं धुऊन गेलं होतं.

काय दिसलं

सोमवारी रात्री पहिल्या टाकीत अकरा मासे मेले. मंगळवारी सकाळी मला फोन आला. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतोय म्हटल्यावर मी साचेबंद उत्तर दिलं: ऑक्सिजन कमी आहे, रात्री वीज गेली होती का, एअरस्टोन साफ कर. वीज गेली होती, पण इन्व्हर्टरवर ब्लोअर चालू होता. त्याने फोटो पाठवला. शेडमधल्या पिवळ्या दिव्यात काढलेला, कल्ला उचलून धरलेला. कल्ला काळपट दिसत होता. मी मनात म्हटलं, फोटोच तसा आला असेल.

मंगळवारी रात्री ७४ मेले. बुधवारी सकाळी त्याने आपल्या अकलेने पोटॅशियम परमँगनेट टाकलं. बुधवारी रात्री २०३. मरणारे मासे पहिल्या दोन टाक्यांतले. तिसऱ्या टाकीत दोन-चार.

गुरुवारी अकराच्या सुमारास मी पोचलो. ऑक्सिजन मीटर टाकला: पहिल्या टाकीत ५.२. चिलापी याहून कितीतरी कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते. पाण्यात हवा आहे आणि मासा मात्र हवेसाठी वर येतोय, हे विचित्र होतं. अंगावर जखम नाही, खवले झडलेले नाहीत, डोळे बाहेर आलेले नाहीत, गोचीड नाही. मेलेल्यांत मोठे मासे जास्त.

विषाणूची कल्पना कुठून आली

धाकट्याने बुधवारची रात्र मोबाइलवर काढली होती. त्याला कुठेतरी समुद्री माशांच्या एका रोगाबद्दल सापडलं. मजकूर इंग्रजीत, तो मोबाइलने मराठीत करून दिला. त्यात लिहिलेलं: विषाणू माशाच्या लाल रक्तपेशींत शिरतो, पेशी कुजतात, कल्ल्यांचा रंग बदलतो, ऑक्सिजन कमी पडला की मासे मरतात. त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "सर, हे सगळं जुळते. अन् आपलं पानी त समुद्राचंच हाय. बाबा नेहमी सांगते."

हा रोग खरा आहे, बनावट फॉरवर्ड नव्हे. त्याला व्हायरल इरिथ्रोसायटिक नेक्रोसिस म्हणतात. १९६९ साली अटलांटिकच्या किनाऱ्यावर, कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात, लेअर्ड आणि बुलक यांनी कॉड आणि इतर माशांच्या रक्तात त्याच्या खुणा नोंदवल्या. १९७१ मध्ये वॉकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत विषाणूचे कण दाखवले. पुढे पॅसिफिकमधल्या हेरिंगमध्ये आणि चम, पिंक या सामन माशांतही तो सापडला. विषाणू इरिडोव्हायरस कुळातला, डीएनए असलेला.

माणसाच्या लाल पेशीत असा विषाणू संसार थाटू शकत नाही. आपली लाल पेशी रक्तात उतरण्याआधीच केंद्रक टाकून देते. ती म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी, आत यंत्रसामग्री काही नाही. माशाची लाल पेशी मात्र केंद्रकासकट असते, कोंबडीसारखी. विषाणूला प्रती काढायला तिथे अख्खा कारखाना मिळतो. नॉर्वेतल्या पिंजऱ्यांमधल्या सामनमध्ये २०१० साली सापडलेला पिसाइन ऑर्थोरिओव्हायरस असाच लाल पेशींत मुक्काम करतो. जपानमध्ये कोहो सामनला पांडुरोग करणारा त्याचा चुलत भाऊ २०१६ मध्ये ओळखला गेला.

नेक्रोसिसचा विषाणू अनेकदा एकट्याच्या जोरावर मासा मारत नाही, हेही खरं. तो माशाला पांडुरोगी करून ठेवतो. मग ऑक्सिजन घसरला, पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण हललं किंवा व्हिब्रिओसारखा जिवाणू आला की मासा आधी कोलमडतो. म्हणजे पहाटे मरणारे, हवेसाठी वर येणारे मासे हे चित्र तिकडचंही आणि इकडचंही. पोराने उगाच घाबरून काहीतरी जोडलं असं मी म्हणणार नाही. त्याने वाचलं, जुळवलं, आणि एका शब्दावर अडखळला. त्या रोगात कल्ले फिकट पडतात, कारण रक्तच उरत नाही. याच्या माशांचे कल्ले फिकट नव्हते. "रंग बदलतो" एवढंच भाषांतरात उरलं होतं.

चिलापीला खरोखर भीती असलेला विषाणू वेगळा: तिलापिया लेक व्हायरस. इस्रायलमध्ये २०१४ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि नंतर भारतातही सापडला. तो डोक्यातून काढता येत नव्हता. माझी खरी धास्ती ती होती.

समोरचे पर्याय

शेडमध्ये खाटेवर बसून आम्ही चौघं बोललो: दोघं भाऊ, त्यांचे वडील आणि मी.

थोरल्याचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. शनिवारी बाजार आहे, दिवाळीआधी गिऱ्हाईक असतं, जे जिवंत आहेत ते बर्फात घालून न्या. खरं सांगायचं तर पैशाच्या हिशोबाने हाच पर्याय त्या क्षणी सगळ्यांत शहाणपणाचा दिसत होता. मी अडवलं. कारण कळलेलं नसताना आजारी मासा बाजारात न्यायचा नाही, आणि विषाणू असलाच तर बादल्या-जाळ्यांतून तो दुसऱ्याच्या टाकीत जाणार. थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुमचं बराबर हाय. पन नुकसान आमचं हाय."

धाकट्याला सगळं संपवायचं होतं. ब्लीचिंग टाकून मासे मारायचे, चुना घालून पुरायचे, टाक्या नव्याने सुरू करायच्या. तिसरी टाकी वाचवायची, कारण तिथे "अजून लागण झाली नाही". त्या टाकीसाठी त्याने वेगळं जाळं, वेगळी बादलीही ठेवली होती. शिवाय फोनवरच्या एका विक्रेत्याकडून ३,८०० रुपयांची "विषाणूनाशक" पूड आदल्या दिवशीच मागवून ठेवली होती. ती दुपारी कुरिअरने आली. पाकिटावर घटक लिहिलेले नव्हते. माशांच्या विषाणूवर पाण्यात टाकायचं औषध असतं तर नॉर्वेवाल्यांनी ते कधीच वापरलं असतं, एवढं मी बोललो. ते पाकीट फोडलं नाही.

माझा पर्याय: आधी रक्त बघू.

आणि वडील. ते खाटेच्या टोकाला बसून सुपारी कातरत होते. मध्येच म्हणाले, "पयले खाऱ्या पान्यात होत्या तवा एक तरी मेली का रे? गोड पानी पाजलं अन् मरून राहिल्या." धाकटा म्हणाला, "बाबा, तुमी थांबा जरा." मीही पुढच्या विषयाकडे वळलो. माझ्या त्या दिवसाच्या वहीत हे वाक्य नाही. नंतर आठवून लिहिलं.

रक्त

पहिल्या टाकीतला एक जिवंत पण मरगळलेला मासा घेतला. शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूने सुई घातली. कण्याला लागेपर्यंत न्यायची, मग किंचित मागे घ्यायची. दोन मिलीच्या सिरिंजमध्ये रक्त चढलं आणि थोरला पुढे वाकून म्हणाला, "हे काय, काकवी हाय का?"

तंतोतंत काकवीचा रंग. लाल नाही, फिकट नाही, तपकिरी. मग तिसऱ्या टाकीतला मासा घेतला, त्याचं रक्त थोडं गडद पण लालच. दोघांचा एकेक थेंब वहीच्या कोऱ्या पानावर टाकला आणि पंख्याखाली ठेवला. तिसऱ्या टाकीचा थेंब हवा लागल्यावर लालभडक झाला. पहिल्या टाकीचा तसाच राहिला, वाळेपर्यंत तपकिरी. वहीचं ते पान माझ्याकडे अजून आहे, आता दोन्ही डाग सारखेच काळे दिसतात.

हे बघितल्यावर निदान जवळजवळ झालं होतं. रक्त आहे, पण ते ऑक्सिजन घेत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह गंजल्यासारखं होऊन बसतं, त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. तळ्यातल्या-टाकीतल्या माशांत त्याचं नेहमीचं कारण नायट्राइट. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू टाकीत लवकर जमतात. नायट्राइटचं पुढे निरुपद्रवी नायट्रेट करणारे मागाहून येतात. नव्या टाकीत या दोघांच्या मधल्या आठवड्यांत नायट्राइट साठतं. इथे विरजण नव्हतं, दिवाळीला वजन भरावं म्हणून खाद्य वाढवलेलं होतं, या जिवाणूंना लागणारी अल्कलिनिटी पावसाच्या पाण्यात कमी, आणि बुधवारच्या परमँगनेटने होते ते जिवाणूही मारले. इतकं सगळं एका दिशेने.

आता माझी चूक. माझ्या पेटीत अमोनिया आणि पीएचच्या बाटल्या होत्या, नायट्राइटची बाटली ऑफिसच्या फ्रिजमध्ये राहिली होती. आकडा हातात नसताना उपाय सांगायचा नाही, अशी मला सवय. म्हणून मी काचपट्ट्या आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत रक्त घेऊन तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबला गेलो, आणि नायट्राइट शुक्रवारी सकाळी मोजू म्हणालो.

लॅबमधल्या तंत्रज्ञाने जिम्साने रंगवलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मान वर केली. "सर, हे कोंबडीचं रक्त आहे काय?" लाल पेशींत केंद्रकं दिसल्यावर त्याचं बरोबरच होतं. मशीनवर मोजू नका म्हणून मी सांगितलं, कारण केंद्रक असलेल्या लाल पेशींना ते यंत्र पांढऱ्या पेशी समजून मोजतं. बारीक नळी फिरवून फक्त पेशींचं प्रमाण काढलं: पहिल्या टाकीचा मासा ३१ टक्के, तिसऱ्या टाकीचा ३२. म्हणजे पांडुरोग नाही. रक्तपेशी फोडणारा विषाणू असता तर हा आकडा घसरलेला दिसला असता. पट्टीवर आम्ही दोघांनी अर्धा तास घालवला. नेक्रोसिसच्या विषाणूत पेशीच्या द्रवात गोल ठिपका दिसतो आणि केंद्रक विरत जातं. इथे केंद्रकं अंडाकृती, ठसठशीत, आणि ठिपका एकही नाही.

हे सगळं मला आवडलं, हे कबूल करतो. आणि मी पट्ट्या बघत होतो त्या रात्री २३१ मासे मेले.

आकडे

शुक्रवारी सकाळी बाटली आणली. नळीतला रंग किटच्या शेवटच्या घरापलीकडे गेला. मग एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी असं पातळ करून परत मोजलं. नायट्राइट-नायट्रोजन: पहिली टाकी ८, दुसरी ७, तिसरी ६ पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. किट घेताना एक गोष्ट वाचून घ्यावी. काही किट नायट्राइट सांगतात, काही नायट्राइट-नायट्रोजन, आणि दुसऱ्याचं पहिल्यात करायला ३.३ ने गुणावं लागतं. म्हणजे पहिल्या टाकीत नायट्राइट सुमारे २६ आणि तिसरीत सुमारे २०.

इथे मी अडलो. तिसऱ्या टाकीत विष जवळपास तेवढंच होतं, तरी मासे का मरत नव्हते?

तेव्हा कुठे बाबांचं वाक्य आठवलं. क्लोराइड मोजलं. पहिली २८, दुसरी ३१, तिसरी ४१० पीपीएम.

कल्ल्यांतल्या ज्या पेशी पाण्यातून क्लोराइड आत ओढतात, त्याच दारातून नायट्राइट शिरतं. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर दार त्यानेच अडलेलं राहतं. ढोबळ नियम असा की क्लोराइड नायट्राइटच्या निदान दहापट हवं. तिसऱ्या टाकीत ते वीसपट होतं, पहिलीत जेमतेम बरोबरीचं. उन्हाळ्याच्या खेपेतही नायट्राइट चढलंच असणार, पण ज्या पाण्याला तीन पिढ्या शिव्या देत आल्या, त्याने माशांना सांभाळून घेतलं. टीडीएस मीटर फक्त विरघळलेलं एकूण किती ते सांगतो. त्यात क्लोराइड किती, हे तो सांगत नाही.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे एकोणीस ग्रॅम. म्हणून तपकिरी रक्ताचा हा त्रास समुद्री माशांना सहसा होत नाही. तो गोड्या पाण्याचा आजार आहे. पोराने शोधलेला रोग समुद्राचा, आणि त्याच्या टाकीतला रोग, पाणी समुद्रासारखं राहिलं नाही म्हणून झालेला.

काय केलं

हिशोब शेडच्या खांबावर खडूने मांडला. २६ च्या दहापट २६०, त्यातून असलेले २८ वजा, उरले २३२. मिठात क्लोराइड साठ टक्के, म्हणजे लिटरला ३८७ मिलिग्रॅम मीठ. पंधरा हजार लिटरला सहा किलोला थोडं कमी. हात सैल सोडून आम्ही प्रत्येक टाकीला पंधरा किलो घेतलं, चिलापीला एवढं मीठ काहीच नाही. गुरांसाठी आणतात ते खडेमीठ, दोन टाक्यांचं तीस किलो, तीनशेच्या आसपास रुपये. ड्रममध्ये विरघळवून तासाभरात हळूहळू सोडलं. मीठ थोरल्यानेच ओतलं. बोलला काही नाही.

खाद्य दोन दिवस बंद. रोज पाव टाकी पाणी बदललं, या वेळी बोअरचं घालून. तिसऱ्या टाकीचं दोनशे लिटर फ्लॉकचं पाणी दोन्ही टाक्यांत विरजण म्हणून. ज्या टाकीला लागण होऊ नये म्हणून वेगळी बादली ठेवली होती, त्याच टाकीचं पाणी बाकीच्यांत घालायचं म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

लेक व्हायरसची शंका मात्र मी सोडली नाही. मरणाच्या दारातल्या सहा माशांचं यकृत आणि मेंदूचे तुकडे अल्कोहोलमध्ये घालून पीसीआर तपासणीला पाठवले. मेलेला, बर्फात ठेवून फुगलेला मासा पाठवून उपयोग नसतो, विषाणूचा आरएनए तोवर मोडलेला असतो. देशभरात माशांच्या रोगांवर लक्ष ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालतो, लखनौची मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था त्याचं काम बघते. २०२३ पासून मोबाइलवर रोगाची खबर देण्यासाठी सरकारी अ‍ॅपही आहे. धाकट्याने तिथे नोंद केली.

परिणाम

शुक्रवारी रात्री १४२, शनिवारी ५८, रविवारी १९. त्यानंतर थांबलं. कल्ले चौथ्या दिवशी लाल झाले. नायट्राइट मात्र आणखी दोन आठवडे चढंच होतं. म्हणजे विष पाण्यात तसंच राहिलं, फक्त माशाच्या आत जायचं थांबलं. हे धाकट्याला सांगून ठेवलं होतं, नाहीतर किटचा रंग बघून त्याने पुन्हा काहीतरी टाकलं असतं.

एकूण मेले ७३८: पहिल्या टाकीत ४१८, दुसरीत २९७, तिसरीत २३. बाराव्या दिवशी अहवाल आला, लेक व्हायरस नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

मंगळवारच्या फोनवर मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: मागच्या खेपेपेक्षा या वेळी काय बदललंय? मी ऑक्सिजनचं बोललो, कारण दहातल्या सात फोनना ते उत्तर लागू पडतं. कल्ल्याचा काळपट रंग मी दिव्यावर ढकलला. उन्हात, पांढऱ्या कागदावर ठेवून दुसरा फोटो मागवायला पाच मिनिटं लागली असती.

बुधवारचं परमँगनेट ही धाकट्याची चूक, पण मी मंगळवारी "काहीही टाकू नको" असं सांगितलं नव्हतं. हतबल माणूस काहीतरी टाकतोच.

सगळ्यांत महाग पडली ती गुरुवारची दुपार. कागदावरचा थेंब तपकिरी राहिला तेव्हाच मीठ घालता आलं असतं. मीठ स्वस्त, चिलापीला निरुपद्रवी, निदान चुकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ज्या उपायाने नुकसान होऊच शकत नाही, त्याला आकड्याची वाट बघायला लावली. ब्लीचिंग टाकायचं असतं तर आकडा हवाच होता. दोन्हींना मी एकच फूटपट्टी लावली.

तिसरी टाकी वाचली होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. विषाणू मनात धरल्यावर त्याचा अर्थ "अजून लागण नाही" असा लागला, आणि तोही बिनचूक बसत होता. बाहेरून काय आलं हे आम्ही शोधत राहिलो. आतून काय काढून टाकलं, हे फक्त बाबांनी विचारलं. सुपारी कातरता कातरता.

सध्या

फेब्रुवारीत माल निघाला, खर्च निघाला, फायदा नाही. आता टाक्या तीन भाग शेततळं आणि एक भाग बोअर अशा भरतात, क्लोराइड दोनशेच्या वर आहे ना ते किटवर बघतात, आणि धुण्याआधी दोन ड्रम फ्लॉक बाजूला काढून ठेवतात. विषाणूनाशक पुडीचं पाकीट शेडच्या खिळ्याला टांगलेलं आहे, विक्रेत्याने परत घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. टाकीच्या तळाचं पाणी आठवड्याला काढावं लागतं. खतासारखं सकस, पण आता खारट. गोड पाण्यावर टाक्या होत्या तेव्हा ते हरबऱ्याला जायचं, आणि थोरल्याने शेततळ्याचं पाणी द्यायला होकार दिला तो त्या बोलीवरच. हे खारं पाणी चोपण होत चाललेल्या जमिनीत सोडा, असं मी त्याला सांगू शकत नाही. सध्या ते बांधाकडेच्या नालीत जातं. मागच्या भेटीत तो नालीच्या कडेला उभा होता, पायाने मातीवरची पांढरी साय खरवडत. मला बघून म्हणाला, "त्याच्या मासोया वाचल्या सर. माह्या हरबऱ्याचं सांगा आता."

मी माती तपासायला नेली आहे.